गॅरेजचं दार नेमकं कोण उचलतं?

बटण दाबलं की छताला टांगलेला डबा, म्हणजे ओपनर, घरघरतो आणि दार वर जातं. त्यामुळे डब्यातली मोटरच दार उचलते असं सगळ्यांना वाटतं. दार अडखळायला लागलं की मग मोटर कमजोर झाली असं धरून लोक जास्त ताकदीचा ओपनर आणतात, आणि वर्षभरात तोही कुरकुरायला लागतो.

दोन गाड्यांच्या गॅरेजचं पत्र्याचं, आडव्या पट्ट्यांत दुमडणारं दार साधारण ७० ते १०० किलो भरतं. लाकडी असेल तर आणखी जड. हा भार पेलायचं काम स्प्रिंगांचं आहे. तराजूच्या एका पारड्यात दार आणि दुसऱ्यात स्प्रिंगचा पीळ, असा तो हिशेब असतो. दोन्ही बाजू जुळलेल्या असल्या की एका हाताने दार वर ढकलता येतं. ओपनरला फक्त ढकलणं, ओढणं आणि ठरल्या जागी थांबणं एवढंच करायचं असतं. म्हणून ओपनरची कुठलीही तक्रार आली तरी तपासणी दारापासून सुरू करायची.

स्प्रिंग दोन प्रकारच्या. दाराच्या चौकटीवर आडव्या दांड्यावर गुंडाळलेली असते ती पिळाची, म्हणजे टॉर्शन स्प्रिंग. दोन्ही बाजूंच्या आडव्या रुळांच्या वर लांबलचक ताणलेली दिसते ती ताणाची, म्हणजे एक्स्टेन्शन स्प्रिंग. पिळाच्या प्रकारात दांड्याच्या दोन टोकांना दोन ड्रम असतात. त्यांच्यावर पोलादी दोर गुंडाळलेले असतात आणि त्यांची खालची टोकं दाराच्या तळाशी कोपऱ्यांत अडकवलेली असतात. दार वर जायला लागलं की त्याच्या पट्ट्या एकेक करून आडव्या रुळावर वळतात, आणि दोरावर लोंबणारं वजन कमी होत जातं. त्याच वेळी स्प्रिंगचा पीळही उलगडत जातो, म्हणजे तिचा जोरही तेवढाच उतरतो. ड्रमचा व्यास, तारेची जाडी आणि पिळाचे फेरे दाराच्या वजनाप्रमाणे ठरवलेले असतात ते याचसाठी. सात फुटी दाराला साधारण साडेसात फेरे पीळ देतात.

तोल तपासणं

ही तपासणी दोन-तीन मिनिटांची आहे आणि दर तीन महिन्यांनी करावी. आधी ओपनरने दार पूर्ण बंद करायचं. मगच ट्रॉलीला, म्हणजे छताजवळच्या रेलवर सरकत दार ओढणाऱ्या तुकड्याला, लोंबणारी लाल दोरी ओढायची. तिने ट्रॉली मोटरपासून सुटी होते आणि दार हातात येतं. दार उघडं असताना दोरी कधीही ओढू नये. स्प्रिंग तुटलेली किंवा सैल असेल तर सगळं दार एकदम खाली येतं, आणि त्याच्याखाली कोणी नसावं एवढीच प्रार्थना उरते.

आता दार हाताने कमरेच्या उंचीपर्यंत उचला आणि हळूच हात काढा. जागच्या जागी राहिलं, किंवा बोटभर वरखाली झालं, तर तोल ठीक आहे. खाली घसरत गेलं तर स्प्रिंग सैल पडली आहे. आपोआप वर निघालं तर पीळ जास्त झाला आहे. उचलताना एका बाजूला जड लागलं किंवा दार तिरकं झालं, तर दोन दोरांपैकी एक ताणला गेला आहे किंवा ड्रमवरून निसटला आहे. आणि पूर्ण प्रवासात एखाद्याच ठिकाणी अडत असेल तर तिथला रूळ, चाक किंवा बिजागरी बघायची.

तोल बिघडलेला सापडला तर तपासणी तिथेच थांबवायची. पिळाच्या स्प्रिंगेत पूर्ण दाराचं वजन पेलण्याएवढी ताकद साठवलेली असते. तिचे स्क्रू साध्या पान्याने ढिले केले तर दांडा किंवा पाना गरकन फिरतो. मनगट मोडणं हा त्यातला सौम्य प्रकार. दाराच्या तळाच्या कोपऱ्यांतले, दोर अडकवलेले कंसही तसेच ताणाखाली असतात. बरेच उत्पादक तिथले स्क्रू मुद्दाम लाल रंगवतात. घरच्या दुरुस्तीची हद्द तिथे संपते, पुढचं काम पीळ द्यायच्या खास दांड्या जवळ असलेल्या जाणकाराचं.

साध्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० फेऱ्यांचं धरतात. एक फेरी म्हणजे एकदा उघडणं आणि एकदा बंद करणं. दिवसाला चार फेऱ्या झाल्या तर पावणेसात वर्षांत हिशेब पूर्ण होतो, दोन झाल्या तर साडेतेरा. गॅरेज हेच घरात शिरायचं मुख्य दार असेल तर हा आकडा कसा पटकन संपतो ते लक्षात येईल. तुटताना बार उडावा तसा आवाज येतो. वर बघितलं तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चार-पाच सेंटिमीटरची फट दिसते. त्यानंतर बटण दाबून बघायचं नाही. दार वीतभर उचलून ओपनर थांबतो किंवा स्वतःचे दाते झिजवून घेतो. दोन स्प्रिंगा असतील तर दोन्ही एकदम बदलाव्यात, कारण दुसरीनेही तेवढ्याच फेऱ्या केलेल्या असतात. ताणाच्या स्प्रिंगेच्या पोकळीतून एक सुरक्षा-तार ओवलेली असावी लागते. स्प्रिंग तुटली तर तुकडे तिच्यावर अडकून राहतात, गाडीच्या काचेवर किंवा माणसावर जात नाहीत. ती नसेल तर आधी ती घालून घ्यावी.

डब्यात काय असतं

दाराचा तोल बरोबर आहे, हाताने ते लोण्यासारखं सरकतं, तरीही तक्रार आहे, असं झालं की मग ओपनरकडे वळायचं. मोटर, तिच्यापुढे दात्यांची जोडी, त्यापुढे साखळी किंवा पट्टा, त्याने ओढली जाणारी ट्रॉली, आणि ट्रॉलीपासून दाराच्या वरच्या पट्टीला जाणारा वाकडा हात. साखळीचा ओपनर दणकट पण खडखडाट करणारा. पट्ट्याचा शांत, म्हणून वर झोपायची खोली असेल तर तोच बरा. स्क्रूचा ओपनर म्हणजे लांब आट्यांचा दांडा. त्यात सुटे भाग कमी, पण थंडीत ग्रीस घट्ट झालं की तो कुरकुरतो. चौथा प्रकार भिंतीवर, स्प्रिंगच्या दांड्याच्या टोकाला बसतो आणि दांडाच फिरवतो. छत मोकळं राहतं, पण तो फक्त पिळाच्या स्प्रिंगच्या दारालाच लागतो.

जुन्या ओपनरमध्ये एसी मोटर असते आणि तिला सुरुवातीचा धक्का देण्यासाठी कपॅसिटर लावलेला असतो. बटण दाबल्यावर नुसतं गुणगुणणं ऐकू येतं, काहीच हलत नाही, आणि लाल दोरी ओढून दार मात्र हाताने सहज चालतं, तर पहिला संशय या कपॅसिटरवर घ्यावा. त्याचं डोकं फुगलेलं किंवा तेल पाझरलेलं दिसलं तर शंकाच नको. बदलताना मायक्रोफॅरॅडचा आकडा तोच घ्यायचा आणि व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा जास्त. ओपनरची पिन सॉकेटमधून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, म्हणून उघड्या बोटांनी त्याच्या टोकांना हात लावू नये.

मोटर फिरतेय, आवाज नेहमीसारखा, पण साखळी जागची हलत नाही, ही साखळीच्या ओपनरची अगदी ठरलेली तक्रार. ट्रॉली सुटलेली नाही ना एवढं बघून घ्या. नसेल तर पिन काढा आणि डब्याचं झाकण उघडा. आत तळाला पांढरी भुकटी आणि किसासारखे तुकडे पडलेले दिसतील. मोटरच्या दांड्यावर पोलादी आट्या असतात आणि त्यांना लागून नायलॉनचं दातेरी चाक. जोर जास्त पडला की या चाकाचे मधलेच दाते खरवडून जातात. कडेचे दाते शाबूत दिसतात, मध्ये मात्र गुळगुळीत घळ पडलेली असते. हे चाक नायलॉनचं असणं ही काटकसर नाही, हवं तर फ्यूज समजा. दार अडलं तर मोटर किंवा रेल वाकण्याऐवजी स्वस्तातला भाग बळी जातो. बदलायचा संच मिळतो, त्यात चाक, आट्या आणि ग्रीस असतं. पण हे चाक आपणहून क्वचितच मरतं. नवीन बसवायच्या आधी तोल पुन्हा तपासला नाही तर वर्षभरात तेच काम परत काढावं लागतं.

मोटर चार-पाच फेऱ्यांनंतर गप्प बसली आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू झाली, तर तापल्यावर वीज तोडणारा संरक्षक स्विच आपलं काम करतोय. मुलांनी बटणाशी खेळ केल्यावर हे हटकून होतं. रोजच्या साध्या वापरात होत असेल तर मोटरवर भार जास्त आहे, म्हणजे पुन्हा स्प्रिंग आणि चाकं.

खाली येतं आणि परत वर जातं

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा तिचं कारण जमिनीपासून वीतभर उंचीवर असतं. दाराच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन सेन्सर बसवलेले असतात. एक न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडतो, दुसरा तो घेतो. दार खाली येत असताना मध्ये काही आलं आणि किरण तुटला की दार उलटं फिरतं. अमेरिकेत १९९३ पासून घरगुती ओपनरना ही सोय किंवा तेवढंच काम देणारी दुसरी व्यवस्था सक्तीची झाली. सेन्सर जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या वर नसावेत, नाहीतर रांगणारं मूल किंवा झोपलेलं कुत्रं किरणाच्या खालून राहून जातं.

दार उघडताना काहीच अडचण नाही, बंद करताना मात्र जरा हलून परत जातं किंवा हलतच नाही, आणि ओपनरचा दिवा लुकलुकतो: दोष सेन्सरचाच. खात्री करायला भिंतीवरचं बटण दाबून धरा. बहुतेक ओपनरवर बटण धरून ठेवलं की सेन्सरकडे दुर्लक्ष होतं आणि दार पूर्ण बंद होतं. ही सोय अडचणीपुरती आहे. नजर दारावर ठेवूनच वापरायची.

मग गुडघ्यावर बसून दोन्ही सेन्सरकडे नीट बघा. काचेवर धूळ, कोळ्याचं जाळं किंवा पाण्याचा डाग असेल तर सुक्या मऊ कापडाने पुसा. प्रत्येकावर एक छोटा दिवा असतो. दोन्ही दिवे स्थिर असले तर सरळ रेषेत आहेत. किरण घेणाऱ्याचा दिवा विझलेला किंवा थरथरता दिसला तर त्याचा पंखांचा नट सैल करून सेन्सर हळूहळू फिरवा, दिवा स्थिर झाला की तिथेच घट्ट करा. नट घट्ट करतानाच सेन्सर केसभर फिरतो आणि दिवा पुन्हा जातो, तेव्हा एका हाताने धरून दुसऱ्याने आवळायचं. झाडू, सायकल, कचऱ्याचा डबा यांच्या धक्क्याने कंस वाकलेला असतो, तोही सरळ करून घ्या. दिवा अजिबात लागत नसेल तर वायर बघा. भिंतीवर वायर ठोकताना एखादी पिन तिच्या आवरणातून आरपार गेलेली असते आणि दोन-तीन वर्षांनी गंज धरल्यावर ती त्रास द्यायला लागते.

ठरावीक वेळीच, सकाळी किंवा संध्याकाळी, दार बंद होत नसेल तर तिरपं ऊन किरण घेणाऱ्या सेन्सरच्या डोळ्यात जातंय. दोन्ही सेन्सरच्या जागा आपसात बदलल्या की काम होतं. तेवढं जमत नसेल तर पुठ्ठ्याची छोटी नळी त्याच्यावर झापडासारखी बसवा.

सेन्सर ठीक आहेत आणि दार जमिनीला टेकून लगेच परत उचललं जातं, असं असेल तर खाली थांबायची मर्यादा जास्त खाली लागली आहे. दार टेकल्यावरही ओपनर ढकलत राहतो, काहीतरी आडवं आलं असं त्याला वाटतं आणि तो उलटतो. जुन्या डब्यांवर मर्यादेचे दोन स्क्रू असतात, वरचा आणि खालचा. पाव-अर्धा फेरा फिरवून प्रत्येक वेळी चालवून बघायचं. नव्यांत बटणांनी मर्यादा शिकवावी लागते, आणि तो क्रम माहितीपुस्तकात असतो.

त्याच डब्यांवर जोराचेही दोन स्क्रू किंवा बटणं असतात. दार अडखळतं म्हणून जोर वाढवायचा मोह होतो. तो करू नये. जोर ही सुरक्षेची सेटिंग आहे. कशाला आपटल्यावर दार माघार घेणार, हे तिच्यावर ठरतं. म्हणून दर महिन्याला एक चाचणी: दाराच्या मधोमध जमिनीवर चार सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा आडवा ठेवायचा आणि दार बंद करायचं. ठोकळ्याला टेकल्यापासून दोन सेकंदांच्या आत दार उलटं फिरलं पाहिजे. फिरलं नाही तर मर्यादा आणि जोर पुन्हा लावायचे, तरीही जमत नसेल तर पिन काढून ठेवायची आणि दार हाताने वापरायचं. नुसतं थांबणं पुरेसं नाही, मागे फिरायला हवं. सेन्सरचीही चाचणी त्याच वेळी होते: दार खाली येत असताना लांब काठी किरणात धरायची.

तेलपाणी

वर्षातून दोनदा पुरतं. आधी पिन काढा आणि दार बंद ठेवा. सिलिकॉनचा किंवा पांढऱ्या लिथियम ग्रीसचा स्प्रे घ्या. कुलपांना मारतो तो गंज काढायचा पातळ स्प्रे इथे चालत नाही. तो जुनं वंगण धुऊन काढतो आणि स्वतः उडून जातो.

बिजागऱ्यांच्या सांध्यांत, चाकांच्या बेअरिंगमध्ये, दांड्याच्या टोकांच्या बेअरिंगना आणि पिळाच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांवर हलका फवारा द्यायचा. स्प्रिंगवर दिल्याने वेटोळी एकमेकांवर घासून होणारी करकर जाते आणि गंज लांबतो. रुळाच्या आत मात्र काही लावायचं नाही. तिथे चाकं फिरायची असतात, घसरायची नसतात, आणि ग्रीसमध्ये धूळ बसून काळा गोळा होतो. रूळ ओल्या फडक्याने पुसून कोरडे केले की झालं. नायलॉनच्या चाकांच्या बाहेरच्या कडेलाही तेल नको. साखळीला थोडं ग्रीस चालतं, पट्ट्याला काहीही लावायचं नाही, स्क्रूच्या दांड्याला उत्पादकाने सांगितलेलंच ग्रीस.

बिजागऱ्यांचे आणि रुळाच्या कंसांचे नट-बोल्ट दाराच्या हादऱ्यांनी ढिले होतात, ते पान्याने आवळा. तळाचे कोपरे सोडून, हे पुन्हा सांगायला हवं. चार पट्ट्यांच्या दाराला साधारण दहा चाकं असतात. त्यातलं एखादं डुगडुगत असेल, चिरलेलं असेल किंवा फिरण्याऐवजी घसटत असेल तर बदलायचं. तळाची दोन चाकं मात्र दोराच्या कंसात असतात, ती जाणकाराकडूनच. दोरांची एखादीही तार तुटून बाहेर आली असेल, विशेषतः तळाजवळ जिथे पाणी साचतं, तर दोर बदलायची वेळ झाली.

साखळी सैल झाली की रेलवर आपटते आणि सुरू होताना धाडकन आवाज येतो. दार बंद असताना रेलच्या मध्यावर साखळीला हलकासा झोल हवा. ती तारेसारखी ताणली तर पुढची कप्पी आणि मोटरचं दातेरी चाक दोन्ही लवकर झिजतात. नेमका झोल मॉडेलप्रमाणे बदलतो.

रिमोटच्या भानगडी

एक रिमोट चालत नाही आणि दुसरा चालतो, तर सेल बदला. कुठलाच रिमोट चालत नाही पण भिंतीवरचं बटण चालतं, तर आधी त्या बटणाच्या पट्टीवर कुलपाचं चिन्ह असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का बघा. गावाला जाताना सगळे रिमोट बंद ठेवण्यासाठी ते असतं.

पूर्वी रस्त्यावरून चालणारा रिमोट आता दाराशी आल्यावरच चालतो, आणि मधल्या काळात ओपनरमध्ये एलईडी बल्ब लावला असेल, तर तो काढून बघा. स्वस्त एलईडीतल्या सर्किटचा गोंगाट रिमोटच्याच लहरींमध्ये मिसळतो. डब्याखाली लोंबणारी अँटेनाची तार कोणी गुंडाळून वर खोचली असेल तर ती मोकळी सोडा.

अगदी जुन्या रिमोटमध्ये आठ ते बारा छोट्या कळांची पट्टी असते आणि तोच तोच संकेत दरवेळी जातो. जवळपास कोणाच्या कळा तशाच लागल्या असतील तर दार आपोआप उघडतं, आणि तो संकेत टिपून कोणालाही पुन्हा वापरता येतो. नवे ओपनर दर दाबण्याला संकेत बदलतात. रिमोट हरवला किंवा गाडीबरोबर चोरीला गेला तर डब्यावरचं शिकवायचं बटण धरून ठेवून आधीचे सगळे रिमोट पुसून टाकावे, आणि घरात उरलेले एकेक करून पुन्हा शिकवावे. बऱ्याच मॉडेलमध्ये ते सहा सेकंद धरायचं असतं.

वीज आणि मुलं

वीज गेली तर दार बंद आहे ना बघून लाल दोरी, मग हाताने उघडणं. वीज आल्यावर ट्रॉली परत अडकवून ओपनर एकदा चालवला की ती आपोआप जागेवर बसते. बॅटरी असलेल्या ओपनरची बॅटरी दोन-तीन वर्षांत मंदावते. पिन काढून एक फेरी करून बघणं हीच तिची तपासणी. विजांचा कडकडाट असताना पिन काढून ठेवलेली बरी, कारण सर्किट बोर्ड जळायचं ते एक मोठं कारण आहे.

ओपनर लावलेल्या दाराचं जुनं हाताचं कुलूप कायमचं निकामी करून टाकावं. ते चुकून लागलेलं असताना बटण दाबलं तर वरची पट्टी मधोमध दुमडते. भिंतीवरचं बटण जमिनीपासून दीड मीटरच्या वर, मुलांच्या हाताला न लागणारं आणि जिथून दार दिसतं अशा ठिकाणी हवं.

सेन्सर नसलेला ओपनर अजून चालतोय म्हणून ठेवू नये, तो बदलायचाच. नवा घेताना दाराची उंची मोजून घ्या. सात फुटी दारासाठीची रेल आठ फुटी दाराला जोडतुकड्याशिवाय पुरत नाही. दाराच्या वरच्या पट्टीला आतून आडवी पोलादी पट्टी आहे का तेही बघा. नसेल तर ओपनरचा हात जोडण्याआधी ती बसवावी लागते, नाहीतर पत्रा हाताच्या जागीच फाटत जातो.